दंतमुळातील वंगण

सागवानी फळीत लांब स्क्रू बसवायचा असला म्हणजे जुना सुतार त्याच्या आट्यांवरून साबणाची वडी किंवा मेणाचा तुकडा एकदा फिरवून घेतो. तसे केले नाही तर स्क्रू निम्म्यावर अडकतो. जोर वाढवला की त्याचे डोके तुटते आणि उरलेला भाग लाकडात कायमचा रुतून बसतो. दाताच्या मुळात काम करणाऱ्या दंतवैद्यापुढे याच जातीची अडचण उभी असते. फरक एवढाच की, त्याची फळी जिवंत माणसाच्या जबड्यात असते, छिद्र एका मिलिमीटरहून अरुंद आणि बहुधा वाकडे असते, आणि आत तुटलेले टोक काढण्यासाठी फळी फोडण्याची सोय नसते.

या अडचणीवर जो उपाय योजला जातो त्याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. रूट कॅनाल नावाने आता घरोघरी माहीत झालेल्या उपचारात रुग्णाला सुई आठवते, यंत्राचा आवाज आठवतो आणि शेवटचे बिल आठवते. दंतवैद्याने मधूनमधून आत सोडलेला थेंबभर द्रव किंवा पांढरट मलम कोणाच्या ध्यानात राहत नाही. तरीसुद्धा दात वाचणे आणि न वाचणे यांमधील अंतर पुष्कळदा या थेंबाने ठरते.

प्रथम दाताची रचना थोडक्यात पाहू. वरचे कठीण, चकचकीत कवच म्हणजे दंतवल्क. त्याच्या आत दाताचा मुख्य देह असतो. त्याला दंतिन म्हणतात. वजनाच्या हिशेबाने दंतिनाचा सुमारे ७० टक्के भाग खनिजांचा, २० टक्के भाग सेंद्रिय पदार्थांचा, मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाचा, आणि उरलेला पाण्याचा असतो. दंतिनाच्या गाभ्यात एक पोकळी असून तीत दंतमज्जा, म्हणजे रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेली मऊ ऊती असते. ही पोकळी मुळांत उतरताना निमुळती होत जाते. तिच्या या निमुळत्या भागालाच मूलनलिका म्हणतात. समोरच्या दाताला बहुधा अशी एकच नलिका असते. खालच्या दाढेला तीन, कधी चार. आकृत्यांत या नलिका गाजरासारख्या सरळ काढलेल्या असतात, प्रत्यक्षात त्या तशा क्वचितच असतात. त्या चपट्या असतात, वळतात, एकमेकींना मिळतात, पुन्हा फुटतात, आणि टोकाशी तर नदीच्या मुखाप्रमाणे बारीक फाटे काढतात.

कीड दंतमज्जेपर्यंत पोचली की ती सुजते आणि कालांतराने मरते. मेलेल्या ऊतीत जंतूंची वस्ती होते, आणि मूलाग्रातून बाहेर पडणारे त्यांचे विषारी पदार्थ जबड्याच्या हाडात गळू निर्माण करतात. याला खरोखर जंतूच जबाबदार आहेत काय, की उघडी पडलेली मज्जा आपोआपच मरते, हा प्रश्न बराच काळ वादाचा होता. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड या तिघा संशोधकांनी एका सुटसुटीत प्रयोगाने त्याचा निकाल लावला. त्यांनी जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आणि साध्या उंदरांच्या दाढा कोरून मज्जा उघडी केली. साध्या उंदरांच्या दातांत मज्जा कुजून गळू झाले. जंतुविरहित उंदरांच्या दातांत, अन्नाचे कण आत जाऊनही, मज्जा जिवंत राहिली आणि जखमेवर नव्या दंतिनाचा पूल बांधला गेला. तेव्हापासून मूलनलिकेच्या उपचाराचा हेतू एका वाक्यात सांगता येतो: नलिकेतील मेलेली ऊती व जंतू काढावयाचे आणि ती पुन्हा दूषित होणार नाही अशी बंद करावयाची. नलिका रुंद करणे हे त्यासाठीचे साधन आहे, साध्य नव्हे. हा भेद वाचकाने लक्षात ठेवावा. वंगणाचा सारा वाद पुढे त्याच्याच भोवती फिरतो.

वाट तीच ठेवून रुंद करणे

रायपूरच्या तात्यापारा चौकाशी ज्यांचा परिचय आहे त्यांना या कामाची कल्पना चटकन येईल. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात पसरली आणि तिच्यामागून आलेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळ इकडेच स्थिरावली. वस्तीच्या नावात मराठी ‘तात्या’ आणि छत्तीसगडी ‘पारा’, म्हणजे मोहल्ला, हे दोन शब्द शेजारी बसले आहेत ते उगाच नव्हे. या चौकापासून शारदा चौकापर्यंतचा रस्ता शहराच्या मुख्य रहदारीच्या वाटेवर असूनही अरुंद राहिला, आणि त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला. रस्ता दुसरीकडूनच काढणे सोपे असते. आहे त्याच रेषेवर, दोन्ही बाजूंच्या इमारतींना तडा न जाऊ देता तो रुंद करणे अवघड. दंतवैद्यालाही मूळ नलिकेची रेषा सोडता येत नाही. एका बाजूने जास्त कोरले तर मुळाच्या भिंतीला भोक पडते. वळणावर कानस सरळ घुसवली तर तिथे पायरी तयार होते आणि मग पुढची मूळ वाट सापडतच नाही.

ही कानस म्हणजे एक अतिशय बारीक, आट्यांची तार. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकी दंतवैद्याने घड्याळाची स्प्रिंग घासून असे पहिले हत्यार बनवले असे मानले जाते. पुढे शंभर वर्षे प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने मापे ठरवीत असे. एकाची तीन नंबरची कानस दुसऱ्याच्या तीन नंबरशी जुळत नसे. १९५० नंतरच्या दशकात इंगल यांनी प्रमाणित मापांचा आग्रह धरला आणि पुढे ती आंतरराष्ट्रीय मानकांत आली. आज १० क्रमांकाच्या कानशीचे टोक ०.१० मिलिमीटर जाड असते आणि टोकापासून दर मिलिमीटरला जाडी ०.०२ मिलिमीटरने वाढते. कापणारा भाग १६ मिलिमीटरांचा असल्यामुळे त्याच्या वरच्या शेवटाला जाडी ०.४२ मिलिमीटर भरते. मुठींना रंगही ठरलेले आहेत: १० ला जांभळा, १५ ला पांढरा, २० ला पिवळा, २५ ला तांबडा, ३० ला निळा. दंतवैद्याला हाताखालच्या मदतनिसाकडे नुसता रंग मागता यावा ही त्यामागची सोय.

ही हत्यारे प्रथम साध्या पोलादाची, नंतर स्टेनलेस स्टीलची होती. १९८८ साली वालिया, ब्रँटली आणि गेर्स्टाइन यांनी दात सरळ करण्यासाठी वापरली जाणारी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची तार घासून कानस तयार केली आणि ती पोलादापेक्षा कितीतरी लवचीक असल्याचे दाखवले. त्यानंतर विद्युत यंत्रावर मिनिटाला ३०० च्या आसपास फेऱ्यांनी फिरणाऱ्या कानशी आल्या. काम जलद झाले. परंतु हाताने काम करताना बोटांना जो अडथळा जाणवत असे तो यंत्राला आपोआप जाणवत नाही, आणि म्हणून घर्षणाचा प्रश्न यंत्रयुगात सुटण्याऐवजी अधिक तातडीचा झाला.

भुग्याचा प्रश्न

कानस फिरते तेव्हा आत काय होते? दंतिनाचा भुगा सुटतो. नलिकेत ओलावा असतोच, तेव्हा हा भुगा, मज्जेचे तुकडे आणि जंतू यांचा मिळून चिखल होतो. कानशीच्या आट्यांमधील जागा या चिखलाने भरली की तिच्या धारा दंतिनाला लागेनाशा होतात. आता ती कापत नाही, नुसती घासते. दंतवैद्याने जोर लावला की ती चिखल पुढे ढकलते, आणि नलिकेच्या शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत त्याची गच्च गुडदी बसते. पाच मिनिटांपूर्वी जिथे कानस सहज जात होती तिथे ती आता पोचत नाही. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा अनुभव सुरुवातीलाच येतो आणि पुष्कळांना वाटते की आपल्याला आडवी आलेली ही नलिकेचीच अडचण आहे. ती आपणच निर्माण केलेली असते.

मज्जा जिवंत असताना उपचार करावा लागला तर आणखी एक गोष्ट घडते. जिवंत मज्जेत कोलॅजनचे चिवट धागे असतात. कोरड्या नलिकेत कानस खुपसली की हे धागे दाबले जाऊन खाली त्यांचे बूच तयार होते. भुग्याच्या गुडदीपेक्षा हे बूच अधिक त्रासदायक, कारण ते चिवट असते आणि कानशीखाली दबते, कापले जात नाही.

याशिवाय भिंतीवर एक लेप बसतो. १९७५ साली मॅकोम आणि स्मिथ यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कोरलेल्या नलिकांच्या भिंती पाहिल्या तेव्हा त्यांना एक ते दोन सहस्रांश मिलिमीटर जाडीचा चिकट थर दिसला. कानशीने घासून सपाट केलेला हा भुगाच होता. दंतिनाला असंख्य सूक्ष्मनलिका असतात. मज्जेच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरात त्यांची संख्या सुमारे ४५,००० भरते. हा थर त्यांची तोंडे लिंपून टाकतो. आत दडलेले जंतू आतच राहतात, आणि बाहेरून येणारे औषध बाहेरच.

वंगणाचे काम यावरून स्पष्ट होईल. ‘वंगण’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैलगाडीचा आस किंवा शिवणयंत्र येते. तेथे दोन पृष्ठभागांमध्ये तेलाचा पातळ पडदा राहतो आणि ते एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. मूलनलिकेत असा पडदा टिकणे कठीण आहे. साधा हिशेब करून पाहू. अर्धा मिलिमीटर जाडीच्या ठिकाणी कानशीचा परीघ सुमारे १.५७ मिलिमीटर. मिनिटाला ३०० फेऱ्या धरल्या तर तिची धार सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर सरकते. मुंगीसुद्धा याहून वेगाने चालते. एवढ्या मंद गतीत द्रवाचा दाब वाढून धातू आणि दंतिन यांना वेगळे ठेवील अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. शिवाय येथे पृष्ठभागांचा स्पर्श टाळावयाचा नाही. धारेने दंतिन कापायचेच आहे. संपूर्ण निसरडी कानस कामाचीच नाही.

तेव्हा आसाच्या वंगणापेक्षा विंधन विहिरीची उपमा अधिक योग्य. रायपूरच्या आसपास जमिनीखाली चुनखडक आहे. याच दगडावर त्या भागातील सिमेंटचे कारखाने उभे राहिले. या खडकात बोअर घेताना नुसती पहार फिरवून भागत नाही. सुटलेला चुरा हवेने, पाण्याने किंवा फेसाने सतत वर आणावा लागतो; नाही तर पहार आपल्याच चुऱ्यात अडकते. मूलनलिकेतील द्रव हेच काम करतो. तो भुग्याचे कण एकमेकांना चिकटू देत नाही, त्यांना तरंगत ठेवतो, आट्यांतून वर येण्यास वाट देतो, आणि जाता जाता घर्षणही कमी करतो. नावात वंगण असले तरी त्याचा मोठा गुण वाहकाचा आहे.

साबणापासून नांगीपर्यंत

प्रारंभीच्या काळात दंतवैद्यांनी जे हाताशी आले ते वापरले: द्रव साबण, ग्लिसरीन, शस्त्रक्रियेच्या वेळी लावावयाची जेली. ही द्रव्ये निसरडी होती, पण जंतूंचा नाश करणे किंवा मेलेली ऊती विरघळवणे त्यांच्याकडून फारसे होत नव्हते.

दुसरा मार्ग युद्धभूमीवरून आला. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा चिघळून मृत्यू येत. १९१५ च्या सुमारास हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने आणि अलेक्सिस कॅरेल या शल्यविशारदाने सोडियम हायपोक्लोराइटच्या अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाने जखमा धुण्याची पद्धत बसवली. त्याचे असे आढळले की, हे द्रावण जंतू तर मारतेच, शिवाय मेलेली ऊती विरघळवते. दंतवैद्यांनी ते लवकरच उचलले आणि आज अर्ध्या टक्क्यापासून पाच-सहा टक्क्यांपर्यंतच्या विविध तीव्रतेत ते जगभर वापरले जाते. हेच द्रव्य कपडे पांढरे करण्याच्या बाटलीतही असते, ही गोष्ट रुग्णाला सांगितली तर तो दचकतो. पण तिच्यात लपवण्यासारखे काही नाही.

हायपोक्लोराइट वंगणाचे काम कसे करते हे मोठे मनोरंजक आहे. बोटांवर त्याचा थेंब घेतला तर बोटे बुळबुळीत होतात. ते तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे स्निग्ध पदार्थांशी त्याची प्रक्रिया होऊन साबण आणि ग्लिसरीन तयार होते. जुन्या दंतवैद्यांनी जे बाटलीतून आत घातले होते तेच येथे नलिकेतल्या नलिकेत, मेलेल्या मज्जेच्या चरबीपासून, तयार होते. प्रमाण अर्थातच अल्प असते. परंतु कोलॅजनच्या बुचावर याच द्रावणाचा सर्वांत मोठा भरवसा आहे, कारण ते धागे विरघळवते.

त्याला खनिज मात्र विरघळवता येत नाही; भुग्याचा आणि लेपाचा मोठा भाग खनिजच आहे. येथे तिसऱ्या द्रव्याचा प्रवेश होतो. १९३५ साली जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी तयार केलेल्या एथिलीन डायअमीन टेट्राअसेटिक आम्लाला त्याच्या लांबलचक नावामुळे सर्वजण ईडीटीए म्हणतात. हा रेणू कॅल्शियमच्या अणूला खेकड्याच्या नांगीप्रमाणे चोहोबाजूंनी पकडतो. या क्रियेचे शास्त्रीय नावही ग्रीक भाषेतील नांगीच्या शब्दावरूनच आले आहे. शिशाची विषबाधा झालेल्या रोग्यांवरही याच जातीचे द्रव्य वापरतात, कारण नांगी शिशालाही धरते. १९५७ साली नॉर्वेच्या निगार्ड-ओस्टबी यांनी त्याचे १५ टक्के द्रावण अरुंद, चुना साचलेल्या नलिकांसाठी सुचवले. पाच मिनिटांत ते भिंतीचा शतांश मिलिमीटरांत मोजावा असा, दोन-तीन शतांशांचा थर मऊ करते. पुढे त्याचा वेग मंदावतो, कारण एका रेणूला कॅल्शियमचा एकच अणू धरता येतो आणि नांग्या भरल्या की काम थांबते.

१९६९ साली स्टुअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या द्रव्याला मलमाचे रूप दिले. १५ टक्के ईडीटीए, १० टक्के युरिया पेरॉक्साइड आणि पाण्यात विरघळणारे मेणासारखे अधिष्ठान असे त्याचे घटक होते. आरसी-प्रेप या नावाने ते दवाखान्यांत पोचले आणि मागून त्याच धर्तीची अनेक मलमे आली. कल्पना आकर्षक होती: मेण निसरडेपणा देईल, नांगी खनिज मऊ करील, आणि हायपोक्लोराइटशी गाठ पडताच पेरॉक्साइडमधून प्राणवायूचे बुडबुडे सुटून भुगा वर उचलला जाईल. नलिकेच्या तोंडाशी उसळणारा फेस पाहून दंतवैद्यालाही समाधान वाटे. डोळ्यांना दिसणाऱ्या क्रियेवर माणसाचा विश्वास लवकर बसतो.

मापनाने दाखवलेले

पुढील काळात संशोधकांनी यंत्रावर बसवलेल्या कानशीला फिरण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो हे दंतिनात मोजले. कोरड्यापेक्षा ओल्या नलिकेत पीळ कमी लागतो, याविषयी फारसे दुमत राहिले नाही. मात्र घट्ट मलम पातळ द्रावणापेक्षा नेहमीच सरस ठरते असे दिसून आले नाही. कानशीच्या आट्यांचा आकार बदलला की निष्कर्षही बदलले. विंधन विहिरीची उपमा आठवली तर यात आश्चर्य वाटू नये: चुरा वाहून न्यायचा तर पाणी वाहते हवे, आणि मलम वाहत नाही.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. ईडीटीए आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की नांगी आपले काम करीत राहते, पण हायपोक्लोराइटमधील क्रियाशील क्लोरीन झपाट्याने नाहीसा होतो. म्हणजे ज्या द्रव्याने जंतू मारावयाचे आणि मज्जा विरघळवायची तेच निकामी होते. समाधान देणारा तो फेस काही अंशी या नाशाचीच खूण होती. २००१ च्या सुमारास सूक्ष्म क्ष-किरण छेदचित्रणाने आणखी एक गोष्ट उघडकीस आणली. उत्तम यांत्रिक कानशी वापरूनही नलिकेच्या भिंतीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग धातूने शिवलाच जात नाही. त्या अस्पर्श कोपऱ्यांत केवळ द्रवच पोचू शकतो. तेव्हा कानशीला सुख वाटावे म्हणून द्रवाचे सामर्थ्य घालवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते नेहमीच्या नलिकेत वंगण म्हणून हायपोक्लोराइटने तुडुंब भरलेली पोकळी पुरेशी असते, आणि मलमाला राखीव जागा द्यावी: जिवंत मज्जा असलेल्या अरुंद नलिकेत पहिल्या एकदोन बारीक कानशींपुरती. वाट सापडली की ते धुऊन काढावे.

मलमाच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, त्या पहिल्या पायरीत त्याचा उपयोग खरा आहे. पातळ द्रावणाला कोलॅजन विरघळवण्यास वेळ लागतो. तोपर्यंत घट्ट मलम धाग्यांना सुटे ठेवते आणि बूच बसू देत नाही.

वंगणाकडून ज्या अपेक्षा ठेवू नयेत त्याही सांगणे आवश्यक आहे. फिरती कानस दोन प्रकारे तुटते. एका प्रकारात तिचे टोक भिंतीत अडकते आणि यंत्र मात्र वरचा भाग फिरवीतच राहते. ती पिळून तुटते. घर्षण आणि भुगा कमी झाला तर हा धोका कमी होतो. दुसऱ्या प्रकारात ती कोठेच अडकलेली नसते. वळणावर फिरताना तिची एक बाजू ताणली जाते व दुसरी दाबली जाते, आणि अर्ध्या फेरीने त्यांची अदलाबदल होते. तार पुन्हापुन्हा उलटसुलट वाकवली की तुटते तशी ती थकून तुटते. या थकव्यावर वंगणाचा इलाज नाही. जुनी कानस वेळेवर टाकून देणे हाच आहे. जिथे खर्चाचा विचार करून एकच कानस अनेक रुग्णांना वापरली जाते, तिथे उत्तम मलमाची नळी शेजारी ठेवून मन शांत करण्यात अर्थ नसतो.

चुना साचून जवळजवळ बंद झालेल्या नलिकेत ईडीटीए भरून कानस दाबण्याचा मोहही घातक आहे. वृद्धांच्या दातांत ही अवस्था वारंवार आढळते. नांगीला नलिका आणि भिंत यांतला भेद कळत नाही. ती दोन्हींना सारखेच मऊ करते. मऊ झालेल्या भिंतीत कानस सहज घुसते, दंतवैद्याला वाट सापडल्याचा आनंद होतो, आणि क्ष-किरण चित्रात हत्यार मुळाच्या बाहेर दिसते. द्रव्य आत फार वेळ ठेवल्यासही हानी होते: दहा मिनिटे मुक्काम झाल्यास सूक्ष्मनलिकांच्या कडा झिजलेल्या आढळल्या आहेत. शेवटच्या धुण्यासाठी सुमारे एक मिनिट पुरते.

हायपोक्लोराइटचा धोका वेगळ्या जातीचा आहे. सुई नलिकेत घट्ट बसवून जोराने दाबले आणि द्रावण मूलाग्राबाहेर गेले तर ते जिवंत ऊतीही जाळते. क्षणात असह्य वेदना होतात आणि गाल सुजून काळानिळा पडतो. म्हणून सुई सैल असावी, तिचे तोंड टोकाला नसून बाजूला असावे, आणि दट्ट्या बोटाने हळूहळू ढकलावा. दातांभोवती रबराचा पडदा बसवणे ही १८६४ सालची युक्ती आहे. सॅनफर्ड बार्नम यांची ही साधी सोय औषध घशात जाऊ देत नाही आणि लाळ नलिकेत येऊ देत नाही. ती वेळखाऊ म्हणून गाळली जाते, हे योग्य नव्हे.

दात काढणे आणि राखणे

या बारकाव्यांचा सामान्य वाचकाशी संबंध काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. भारतातील पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ साली आणि नागपूरचे शासकीय दंतमहाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. रायपूरला शासकीय दंतमहाविद्यालय येईपर्यंत २००३ साल उजाडले. तेव्हा छत्तीसगड राज्य होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. सोयी उशिरा पोचल्या की सवयीही उशिरा बदलतात. दुखरा दात काढून टाकणे स्वस्त, एका बैठकीचे आणि सर्वांच्या परिचयाचे. मूलनलिकेचा उपचार महाग, दोन-तीन फेऱ्यांचा आणि संशयास्पद. त्यात छत्तीसगडात तंबाखू आणि गुळाच्या पाकाचा गुडाखू दातांना चोळण्याची चाल आहे, जशी महाराष्ट्रात मशेरीची. त्याने ठणका क्षणभर दबल्यासारखा वाटतो, आणि रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा मज्जा बहुधा मेलेली असते.

अशा रुग्णाच्या दाढेत अर्ध्यावर कानस तुटली, किंवा गुडदी बसून शेवटचे तीन मिलिमीटर अस्वच्छ राहिले, तर दात कदाचित काही महिने शांत राहील, मग पुन्हा सुजेल. तो काढावा लागेल. आणि घरातील, शेजारच्या घरातील माणसे यातून एवढेच शिकतील की रूट कॅनाल टिकत नाही. नलिकेत पुरेसे द्रावण न ठेवल्याची किंमत अशी एका दातापुरती मर्यादित राहत नाही.

म्हणून काम कसे चालते हे रुग्णालाही ठाऊक असावे. दंतवैद्य प्रथम दाढेत वरून खिडकी पाडतो आणि ती द्रावणाने भरतो. पुढचे सारे या तळ्यातून होते. १० क्रमांकाची कानस अलगद, घड्याळाला किल्ली दिल्यासारखी, मागेपुढे फिरवत उतरवली जाते. बाहेर काढल्यावर तिच्या आट्या ओल्या कापडाने किंवा स्पंजाने पुसल्या जातात. हे विसरले तर मघाचाच भुगा पुन्हा आत जातो. प्रत्येक कानशीनंतर सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर द्रावण सोडून घाण बाहेर वाहू दिली जाते. सुईच्या तोंडापुढे द्रावण एखाद-दुसऱ्या मिलिमीटरहून फारसे जात नाही, आणि नलिकेच्या तळाशी हवेचा बुडबुडा कोंडून बसू शकतो. म्हणून बारीक कानस अधूनमधून मूलाग्रापर्यंत नेऊन द्रव हलता ठेवावा लागतो. क्रमांक वाढत जातात, वाट तीच राहते.

आकार पूर्ण झाल्यावर क्रम उलटतो. आता वंगण नको असते, त्याचा अंशही नको असतो. मेणयुक्त मलमाचा पापुद्रा भिंतीवर राहिला तर पुढचे भरण भिंतीला नीट चिकटत नाही आणि टोकाशी फट राहते. म्हणून १७ टक्के ईडीटीएने लेप काढला जातो, मग पुन्हा हायपोक्लोराइटने उघड्या पडलेल्या सूक्ष्मनलिका धुतल्या जातात. शेवटी कागदाच्या निमुळत्या काड्या आत घालून ओलावा टिपला जातो. पहिली काडी टोकापर्यंत ओली निघते, दुसरी अर्धी. जी काडी पांढरी आणि कोरडी निघेल तिच्यानंतर, मलायातील झाडांच्या चिकापासून मिळणारा आणि एके काळी समुद्राखालच्या तारांना वेष्टण म्हणून वापरला गेलेला गट्टापर्चा नलिकेत भरावयास घेतला जातो.